कापशीचा फोटो

परवा माझ्या थोरल्या पोराच्या मोबाईलवर तो फोटो आला. कुणी कुणाला पाठवलेला, त्यानं आणखी कुणाला, असा गावगन्ना फिरत फिरत आमच्याच घरी आला. बाभळीवरचं घरटं, घरट्यात तीन पिलं आणि त्यांच्यावर पंख पसरून उभी असलेली कापशी. खाली तांबड्या अक्षरात 'आईची माया' आणि दोन जोडलेले हात. पोरगं लई खूश. "आबा, बघा की, आपल्या बाभळीचा फोटो कुठवर गेलाय! मुंबईच्या माणसानं पाठवलाय." मी म्हणलं, "बंद कर ते, न्हाईतर हौदात टाकीन." सून आतून म्हणाली, आबांना ऊन लागलं असंल. मला ऊन लागलं नव्हतं. ऊन कुणाला लागलं होतं ते मी आता लिहिणार आहे. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, एक पान लिहायला मला एक सकाळ लागते. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहिते. तिला सांगितलं, वहीला हात लावायचा नाही. नीट करून सांगितल्यामुळंच तर हा सगळा घोळ झालाय.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. कडा गावापासून दोन तास चालत गेलं की डोंगराच्या पोटाला आमची वस्ती होती. चार धनगरांची घरं, त्यातलं आमचं शेवटचं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मागं मेंढरांचं वाडगं, काट्यांच्या कुडाचं, आणि वाडग्याच्या कडेला ती बाभळ. माळवदावर उभं राहिलं की बाभळीचा शेंडा अगदी छातीसमोर यायचा. शिमगा नुकताच झाला होता. आईनं केलेल्या पोळ्यांपैकी शेवटच्या दोन वाळून कडक झालेल्या, त्या मी शेळीच्या दुधात बुडवून खायचो. बाकी रोजचं तेच, हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, लसणाचं तिखट. पहाटे जातं, मग भाकरीची थापथाप, मग डाल्याखाली कोंडलेल्या कोकरांचं बारीक केकाटणं, आणि ऊन चढलं की होल्या पाखराचं घुमणं. तो होला एवढा घुमायचा की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "घूम बाबा, तुला कामधंदा न्हाई."

कामधंदा मलाही नव्हता. माझ्या टाचेत बोरीचा काटा मोडून पिकला होता, पाय टेकवत नव्हता. बा मेंढरं घेऊन कडा गावाच्या बाजूला गेला होता. शाळू निघाला की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खतासाठी. आज याच्या रानात, उद्या त्याच्या, अशी आठ-दहा दिवसांची फेरी असते. दरसाली मी बाबरोबर जायचो. त्या साली पंधरा लेकुरवाळ्या मेंढ्या, त्यांची कोकरं, चार शेरडं आणि मी, असा लंगडा माल घरी राहिला होता. मला त्याची लई लाज वाटायची. सोळा वर्षांचा धनगर बायकांसारखा घरात बसलाय म्हणजे काय! शेजारची म्हातारी येता-जाता विचारायची, "काय रं सख्या, बाळंतीण झालास का?" मी तिला उलट बोलायचो, आई मला बोलायची.

बसल्या बसल्या माणूस काय करणार? मी बघत बसलो. माळवदावर पोतं टाकून त्यावर पाय लांब करायचा आणि बघायचं. एरवी रानात हिंडताना नजर सारखी मेंढरावर असते, दुसरं काही दिसत नाही. त्या आठ दिवसांत मला आमचं परसदार पहिल्यांदा दिसलं म्हणा ना. चिमण्या वाडग्याच्या काट्यात अडकलेली लोकर तोंडात धरून ओढायच्या आणि वळचणीत न्यायच्या. कुडावर एक सरडा गळा तांबडा करून बैठका मारायचा, दुसरा आला की दुप्पट मारायचा. मुंगसाची जोडी रोज एकाच वेळेला, ऊन उकिरड्यावर आलं की निघायची. आणि बाभळीवर कापशी होती.

कापशी म्हणजे आमच्याकडचा लहान शिकारी पक्षी. पांढरट राखाडी अंग, खांद्यावर काळा डाग, डोळे तांबडे. रानावर हवेत एका जागी फडफडत थांबते आणि दगडासारखी खाली येते. उंदीर धरते. बाचा तिच्यावर फार जीव. आमची दोन एकर कोरडवाहू, त्यातला शाळू खळ्यावर यायचा आणि उंदीर तुटून पडायचे. बा म्हणायचा, "ही आपली राखण हाय. भाकर मागत न्हाई, पागुटं मागत न्हाई." कुणी पोरगं तिच्यावर गोफण उचलताना दिसलं तर बा गोफणच काढून घ्यायचा. नर उंदीर घेऊन यायचा, पण घरट्यावर यायचा नाही. समोरच्या लिंबावर बसून शीळ घालायचा. मग मादी उठायची, त्याच्याजवळ जाऊन पायातला उंदीर पायानंच घ्यायची, घरट्यावर आणून चोचीनं बारीक तुकडे करायची आणि एकेकाला भरवायची. पिलं तीन. एक थोरलं, लई खादाड. सगळ्यात धाकटं नेहमी मागं पडायचं. त्याच्या चोचीत तुकडा गेला की मला बरं वाटायचं. वरून एक पालेदार आडवी फांदी आली होती, तिच्यामुळं ऐन दुपारीसुद्धा घरट्यावर गच्च सावली असायची. हे सगळं मी पाल्यातून, तुकड्यातुकड्यानं बघायचो.

आता आमच्यातला एक कायदा सांगतो. धनगराचं पोट आकडीवर असतं. आकडी म्हणजे लांब बांबूला बांधलेला विळा. उन्हाळ्यात रानात काडी उरत नाही, तेव्हा बाभळीचा, हिवराचा पाला आकडीनं ओढून पाडायचा आणि शेरडं जगवायची. पण ज्या झाडात घरटं हाय त्या झाडाला पिलं उडेपर्यंत आकडी लावायची नाही. खाली शेरडं वरडून मेली तरी नाही. झाडाच्या बुडाला एक दगड ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्या धनगराला कळतं आणि तोही आकडी खाली न करता पुढं जातो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, सरकारनं सांगितलेलं नाही. बानं जाताना आमच्या बाभळीच्या बुडाला दगड ठेवला होता आणि मला म्हणला होता, "घर तुझ्यावर हाय."

कुलथे आला तो बा गेल्याच्या चौथ्या दिवशी. आष्टीला त्याचं फोटोचं दुकान होतं. लग्नातले, शाळेतले, मयताचे सुद्धा फोटो काढायचा. कुठल्याशा वाडीवरचं लग्न उरकून फटफटीवरून निघाला होता, आमच्या दारात थांबला. गोरा, सडपातळ, बोलायला लोण्यासारखा. "मावशी, घोटभर पाणी मिळेल का?" आईनं तांब्या दिला, गुळाचा खडा दिला. पाणी पिता पिता त्याची नजर वर गेली आणि तांब्या तसाच राहिला.

"अरे, ही कापशी ना? घरटं आहे इथं?"

"हाय की," मी म्हणलं. "तीन पिलं हायती. रोज बघतो मी."

"रोज बघतोस? अरे, मी चार वर्षं शोधतोय!"

मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच असं म्हणलं होतं, की तुझ्याकडं जे हाय ते मी चार वर्षं शोधतोय. मी लंगडत लंगडत त्याला शिडीवरून माळवदावर नेलं. त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला, त्याला पुढं हातभर नळी लावली, पोटावर पडला आणि अर्धा तास तसाच पडून राहिला. मग हळूच म्हणाला, "ये. बघ. एक डोळा मीट."

"काय दिसंना. नुसतं धुकट."

"हे फिरव. हळू."

मी फिरवलं. आणि ती एकदम माझ्या डोळ्यात आली. आजवर मी तिला दहा हातांवरून बघत होतो. आता तिची बुबुळं दिसली, चोचीला लागलेलं रगत दिसलं, धाकट्या पिलानं तोंड वासलं तर त्याचा गुलाबी घसा दिसला. खरं सांगतो, त्या माणसानं मला दमडी दिली नाही, विडीसुद्धा दिली नाही. त्या एका नजरेवर त्यानं मला विकत घेतलं. तो जे म्हणेल ते मी केलं असतं. आणि तो काही म्हणालाच नाही, हेच तर आहे.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो परत आला. पोटावर पडला. एक काढला, दोन काढले, उठून बसला. "पाला आड येतोय. चेहऱ्यावर नेमकी सावली." पुन्हा पडला, पुन्हा उठला. "ही एक फांदी नसती ना, तर काय फोटो झाला असता!" थोडा वेळ गेला. रुमालानं घाम पुसला. "दैव असतं एकेकाचं. ही फांदी नसती तर. नुसती ही फांदी नसती तर." तीनदा म्हणाला तो. मोजलंय मी. शिकलेली माणसं 'तोड' म्हणत नाहीत, 'नसती तर' म्हणतात. त्यांचे हात जन्मभर स्वच्छ राहतात ते असेच.

आकडी माळवदाच्या कडेलाच टेकवलेली होती. मी उठलो, आकडी फांदीवर टाकली आणि एक हिसका दिला. माझा हात तयार होता, लहानपणापासून तेच केलेलं. एका हिसक्यात फांदी कडकड करत वाडग्यात पडली. कापशी उडाली. खाली शेरडं धावली, पाल्यावर तुटून पडली.

कुलथे "अरे, अरे!" म्हणाला. पण ते 'अरे अरे' कसं होतं ते मला ठाऊक आहे. लग्नात आहेर घेताना माणसं 'कशाला, कशाला' म्हणतात आणि हात पुढंच असतो, तसं. पुढच्या क्षणाला तो कॅमेऱ्याला डोळा लावून पडलासुद्धा. ऊन सरळ घरट्यात पडलं होतं. पिलं आधी डोळे मिटून बसली, मग माना टाकून हाशहुश करायला लागली. थोड्या वेळानं कापशी आली. घरट्याच्या काठावर उतरली, इकडंतिकडं बघितलं, उन्हाकडं पाठ केली आणि दोन्ही पंख पसरून पिलांवर उभी राहिली.

"वा! काय उभी राहिलीय! ही माया रे, माया!" कुलथे पडल्या पडल्याच म्हणत होता. खटक, खटक, खटक. आणि मी? मी हसत होतो. मला वाटलं, माझ्यामुळं या माणसाला हे मिळालं. हे लिहिताना मला आज माझ्याच तोंडात मारावी वाटते. ती माया नव्हती, येड्यांनो. आम्ही तिच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर काढलं होतं आणि ती बिचारी स्वतःच छप्पर झाली होती. घर जळताना बाई पोराला घेऊन बाहेर पळाली तर तिचा फोटो काढून खाली 'माया' लिहाल का? लिहाल. तुमचं काही सांगता येत नाही.

आता आमच्या माळावर शनिवार-रविवार गाड्या येतात. पोरं, पोरी, अंगात झाडाच्या रंगाचे कपडे, हातात तोफा. मोबाईलवर पक्ष्याची शीळ लावतात, म्हणजे बिचारा नर दुसरा नर आला समजून बाहेर येतो आणि दिवसभर भांडत बसतो, इकडं घरट्यात पिलं उपाशी. मी काठी घेऊन जातो. परवा एक चष्मेवाला म्हणाला, "बाबा, आम्ही निसर्गप्रेमी आहोत." मी म्हणलं, "मग प्रेम घरी बसून कर रं." पोरगं माझ्यावर रागावलं, म्हणालं, आबा, पाव्हण्यांना असं बोलत्यात का. बोलत्यात. मी बोलतो.

तर त्या दिवशी बारा वाजता कुलथेचा रोल संपला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "तुझा पण एक काढला असता रे, पण संपला बघ." गेला. फटफटीचा आवाज ओढ्यापलीकडं विरला आणि मी वळून बघितलं तर कापशी तशीच उभी. चोच उघडी, छाती धपापत होती. नर लिंबावर येऊन शीळ घालत होता. ती उठेना. उठली तर पिलांवर ऊन. त्यानं बराच वेळ शीळ घातली आणि उंदीर तसाच घेऊन निघून गेला. मग मला कळलं. ती आता खायला आणायला उठणार नाही, आणि उठली तर पिलं भाजतील.

आधी मी काय केलं सांगू? मी खाली गेलो, शेण आणि माती कालवली आणि काठीच्या टोकाला चिंधी बांधून फांदीच्या तुटक्या खुंटाला लिंपली. पांढरा घाव दिसू नये म्हणून. पिलांचं नंतर, आधी माझी कातडी. आई चुलीपासून बघत होती.

"त्या झाडाला आकडी लावलीस?"

"शेरडं वरडत व्हती. एकच फांदी..."

"शेरडं काल न्हाई का वरडली? बा येऊ दे तुजा."

मग मात्र मी हातपाय हलवले. शेरडांनी खाल्लेल्या फांदीचा राहिलेला शेंडा दोरीनं वर बांधला, तो घटकेत वाळून गेला. मग मला घोंगडी सुचली. हे धनगरालाच सुचावं. मेंढी नव्या कोकराला जवळ घेईना, पाजेना, तर आम्ही दोघांवर घोंगडी टाकतो. आत अंधारात, वासानं, मेंढी नरमते. कोकरू उन्हानं घायकुतीला आलं तर त्याला घोंगडीची सावली करतो. आमच्याकडं जिवाला दुसरं औषधच नाही. मी बाची काळी घोंगडी घेतली, तिच्या दोन टोकांना लांब काठ्या बांधल्या, माळवदाच्या कडेवर दगड लावून काठ्या रोवल्या आणि घरट्यावर चांगली ऐसपैस सावली केली. मला माझाच अभिमान वाटला. कापशी उडून लिंबावर बसली.

ती परत आली नाही. एवढं मोठं काळं काहीतरी तिच्या घरट्यावर हलतंय, ती कशी येणार? ती लिंबावरून किंचाळत होती आणि मी माळवदावरून तिला शिव्या देत होतो. "ये की गं भवाने! तुझ्यासाठीच केलंय की!" आई खालून म्हणाली, "सखा, काढ ती घोंगडी. भेतीय ती."

"तुला काय कळतंय? येईल. सवय झाली की येईल."

"आरं, ती मेंढी न्हाई."

"तू भाकरी कर."

असं मी माझ्या आईला म्हणलो. घोंगडी काढली असती तर ती आली असती आणि पुन्हा पंख पसरून उभी राहिली असती. पण मी काढली नाही. एकदा चूक झाली होती, आता माझं बरोबर ठरायलाच पाहिजे होतं. वारा पडलेला, काळी लोकर तापलेली, खाली नुसती भट्टी. मी दिवस बुडेपर्यंत अडून बसलो. दिवस बुडाल्यावर घोंगडी काढली तेव्हा ती एका झपाट्यात घरट्यावर आली. थोरलं पिलू आणि मधलं पिलू माना वर करत नव्हती. ती त्यांना चोचीनं हलवत राहिली. धाकट्यानं, ते मागं पडणारं, त्यानं तोंड वासलं. जिवंत होतं ते.

मला वाटलं, एक तरी वाचलं. सकाळी मी लिंबाचे हिरवे डहाळे आणले आणि ती उडून गेली की हळूच लावावे म्हणून दबा धरून बसलो. कालपासूनची उपाशी, ती दिवस वर येताच स्वतःच शिकारीला गेली. मी उठायच्या आत कावळा आला. वरून घरटं उघडं पडलेलं, त्याला दुरूनच दिसलं असणार. मी दगड मारला. दहा हातांवरून, धनगराचा नेम, आणि चुकला. कावळा त्याला घेऊन ओढ्याकडं गेला. कापशी आली तेव्हा घरट्यात दोन मेलेली होती आणि तिसरं नव्हतं. दुपारपर्यंत ती तिथंच बसली. मग गेली, ती गेलीच.

बा तीन दिवसांनी आला. मेंढरं वाडग्यात घातली, पाय धुतले, आणि वर बघितलं.

"कापशी कुठंय?"

"गेली," मी म्हणलं. "परवा वारं सुटलं. फांदी मोडली. पिलं उनानं मेली."

आतली भाकरीची थाप थांबली. मी दाराकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं थाप पुन्हा सुरू झाली. आईनं माझी खोटी गोष्ट तिच्या गप्प बसण्यानं झाकली, आणि त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही, इतका मी कृतघ्न. बानं पुन्हा वर बघितलं. संध्याकाळचा उजेड, खुंटावर माझं शेण वाळलेलं. "वारं लई वाईट," एवढंच म्हणला. बाभळीच्या बुडाचा दगड उचलून कुडाला लावून ठेवला. त्या साली खळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला. बा रात्रंदिवस राखण करायचा आणि मला काही म्हणायचा नाही. तो वाऱ्याला शिव्या द्यायचा आणि त्या माझ्या अंगावर पडायच्या.

आखितीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, सण झाल्यावर कुलथे आला. आम्ही वाडग्यात मेंढरं कातरत होतो. बानं मेंढी गुडघ्यात दाबून धरलेली, मी लोकर गोळा करत होतो. कुलथेच्या एका हातात पेढ्याचा पुडा, दुसऱ्या काखेत कागदात गुंडाळलेली काच. बाला नावानं हाक मारतच आला.

"गेनबा, पहिला नंबर आला! मोठ्या प्रदर्शनात. तुमच्या बाभळीनं माझं नाव केलं." त्यानं कागद फाडला आणि फ्रेम वाडग्याच्या दाराला टेकवून ठेवली. "ही तुम्हाला."

बानं मेंढी सोडली. हात धोतराला पुसले आणि फ्रेमपुढं उकिडवा बसला. लई वेळ बघत होता. तिन्ही पिलं माना वर करून. कापशीचे पंख, त्यांतून आरपार आलेलं ऊन. काळापांढरा फोटो होता. कुलथे माया, मातृत्व असलं काहीतरी बोलत होता. बाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण झाड ओळखता येत होतं. त्यानं फोटोच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं बाभळीच्या काळ्या सालीत एक पांढरं ठिकाण होतं, बोराएवढं.

"सायेब, हे काय?"

"ते? कुठं? फांदी असेल."

"फांदी न्हाई. फांदीची जागा हाय." बा फोटोकडंच बघत होता. "घाव तिरपा हाय. वरनं खाली वढलेला. वाऱ्यानं मोडली तर फाटती, चिपाट निघतंय. ही कापलीय. आकडीनं."

कुलथेनं पहिल्यांदा त्या कोपऱ्याकडं बघितलं. देवाशपथ, तोपर्यंत त्यानं बघितलंच नव्हतं. त्या प्रदर्शनातल्या पंचांनी, बक्षीस देणाऱ्यांनी, कुणीच बघितलं नव्हतं.

"तुमी सांगितलं व्हतं?" बानं विचारलं.

"नाही हो! मी कशाला सांगीन? तोड म्हणून मी एका शब्दानं बोललो नाही."

मी उसळलो. "न्हाई कसं? 'नसती तर' म्हणला न्हाईत? तीनदा म्हणलात!"

"अरे, ते आपलं सहज..."

"सख्या," बा म्हणला. आवाज चढवला नाही. "आकडी कुणाच्या हातात व्हती?"

"माझ्या."

"आन् वारं?"

एक मेंढी अर्धी कातरलेली, तशीच वाडग्यात फिरत होती. कुलथेनं पेढ्याचा पुडा दगडावर ठेवला. आईनं चहा आणला, त्यानं तो घेतला नाही, उशीर झालाय म्हणाला. बा त्याला दारापर्यंत सोडायला गेला, पाव्हण्याला सोडायचं म्हणून. फटफटी गेली. तेवढ्यात मी ती फ्रेम दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली. समोर मेंढरांच्या पाण्याची दगडी कुंडी होती, तिच्यावर आपटून चुरा करायचा होता. बानं मागून माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला लोकरीचं तेल होतं, तरी सुटलं नाही.

"फोडू नगंस."

"का? का म्हणून फोडू नगं? त्यो खोटा हाय फोटो!"

"फोटो खोटा न्हाई. खोटं तू बोललास." त्यानं माझे हात खाली आणले. "यात ती तिन्ही अजून जित्ती हायती."

एवढं बोलून तो परत मेंढीकडं गेला, तिला गुडघ्यात घेतलं आणि कातर चालवायला लागला. पुढं तो त्यावर कधी बोलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, घर सोडून गेलो असतो, मोठा शहाणा झालो असतो. त्यानं काहीच केलं नाही, आणि मी आज त्याच्यापेक्षा म्हातारा झालो तरी माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही.

मी तिथं किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. खाली बघितलं तर फ्रेम माझ्या पायाशी उताणी पडलेली, सगळं ऊन सरळ काचेवर. मी वाकलो, ती उचलली आणि आत सावलीत नेऊन ठेवली.